‘अनलिमिटेड’ थाळीपुढचे ‘नको’

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली गाडी कात्रजचा डोंगर ओलांडते, खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकते आणि सारोळ्याच्या पुलावरून नीरा नदी पार करते. तेथे पुणे जिल्हा संपतो आणि शिरवळ येते. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. इतक्या लवकर भूक लागण्याचे कारण नसते. तरीही सांगली, कऱ्हाड, कोल्हापूरकडे लग्नकार्याला किंवा खरेदीला निघालेली अनेक कुटुंबे येथेच थांबतात. याचे कारण पुढे आहे. पुण्याहून दक्षिणेस जाणाऱ्यांना वर्षानुवर्षे खंबाटकी घाटाची वळणे चढावी लागत आली. साताऱ्याहून येणाऱ्यांना बोगदा मिळाला, जाणाऱ्यांच्या वाट्याला घाटच राहिला. घाटापूर्वी जेवून घ्यावे, चालकाला विसावा द्यावा, हा प्रघात त्यातूनच रूढ झाला.

शिवकाळात सुभानमंगळ किल्ल्यामुळे ज्ञात असलेले हे गाव आता कारखान्यांचे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे गाव आहे. कामगार आणि विद्यार्थी महिन्याची मेस लावतात. मालमोटारीचे चालक राईस प्लेट मागतात. मोटारीतून आलेली कुटुंबे ‘अनलिमिटेड थाळी’चा फलक पाहून आत वळतात. तिन्ही ठिकाणी तत्त्व एकच : दर आधी ठरलेला, पदार्थ घराने ठरवलेले, खाणाऱ्याने फक्त बसायचे. व्यापारी माणसाला ही पद्धत आवडते. बिलाचा आकडा बसण्यापूर्वीच कळतो, आणि दहा जणांकडून दहा पदार्थ मागवून घेण्याची दगदग वाचते.

अडचण येते ती एका खुर्चीवर. कुटुंबात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते, आणि तिला यातले काहीच नको असते.

हे दृश्य रविवारच्या दुपारी कोणत्याही थाळीगृहात दिसते. ताट मांडले जाते. त्यात आठ-दहा वाट्या, चटण्या, फरसाण, दोन मिष्टान्ने. वाढपी रांगेने येतात. मुलगी पुरी घेते, जिरा भात घेते, दह्याची वाटी जवळ ओढते आणि उरलेल्या वाट्यांवर हात आडवा धरते. वडील आधी हसतात, मग समजावतात, आणि शेवटी जे मनात असते ते बोलतात : ‘अगं, तुझ्याही थाळीचे पूर्ण पैसे द्यायचे आहेत. निदान ढोकळा तरी खा.’ काकू म्हणतात, ‘घरीसुद्धा हिचं असंच.’ शेजारच्या टेबलावरची माणसे पाहतात. वाढपी हातात भाजीची बादली घेऊन उभा राहतो. त्याला पुढे जावे की थांबावे कळत नाही. मुलगी मान खाली घालून पुरीचे तुकडे करीत बसते. अशा दोन-तीन जेवणांनंतर पुढच्या लग्नाच्या वेळी ती म्हणते, ‘मला अभ्यास आहे, तुम्ही जा.’ येथे थाळीच्या दराहून मोठे नुकसान सुरू होते, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

आधी दराचे पाहू, कारण भांडण तेथून सुरू होते. बहुतेक थाळीगृहांत लहान मुलांचा निम्मा दर असतो, पण तो वयावर किंवा उंचीवर असतो. किशोरवयीन मूल त्यात बसत नाही. ‘एक थाळी दोघांत मिळणार नाही’ ही पाटीही असते, आणि ती रास्त आहे, कारण तसे न केल्यास पाच जणांत दोन थाळ्या फिरतील. समजा, थाळीचा दर ३५० रुपये आहे. पाच जणांचे १,७५० रुपये. त्यावर पाच टक्के जीएसटी ८७ रुपये ५० पैसे. एकूण १,८३७ रुपये ५० पैसे. यात मुलीचा वाटा ३६७ रुपये ५० पैसे. आता तिच्यासाठी थाळीऐवजी पनीरची भाजी, दोन रोट्या आणि भात वेगळे मागवले, तर महामार्गावरच्या दरांत बिल तेवढ्याच्या आसपास येते, आणि ती भाजी अर्धी उरते. म्हणजे बचत म्हणावी अशी काही होत नाही. शिवाय निव्वळ थाळी देणाऱ्या घरांत वेगळे मागवण्याची सोयच नसते.

मग ३६७ रुपये ५० पैसे ‘वाया’ गेले असे वाटते ते का? थाळीचा दर बसताक्षणी देय होतो. काही ठिकाणी तर कूपन आधी फाडावे लागते. त्यानंतर मुलीने दोन पुऱ्या खाल्ल्या काय आणि बारा खाल्ल्या काय, गल्ल्यातून गेलेली रक्कम बदलत नाही. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. झालेला खर्च वसूल करण्यासाठी माणसे नको असलेली गोष्टही ओढूनताणून करीत राहतात, या स्वभावाचा अभ्यास करणाऱ्यांत रिचर्ड थेलर हे नाव महत्त्वाचे. त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. व्यापाऱ्याला मात्र हे नोबेलवाल्यांनी शिकवण्याची गरज नाही. हंगाम संपल्यावर उरलेल्या साड्यांचा खरेदीभाव पाहत तो बसत नाही. आज काय भाव येतो ते पाहून माल मोकळा करतो. दुकानात ज्याला हे सहज कळते, तोच माणूस थाळीपुढे बसला की मुलाच्या पोटातून खरेदीभाव वसूल करू पाहतो, हे नवलच.

ठरलेल्या दराचे जेवण ही मूळची चैनीची गोष्ट नव्हे. मुंबईत गिरण्या व बाजारपेठा वाढल्या तेव्हा एकटे राहणाऱ्या पुरुषांच्या जेवणाची सोय खाणावळींनी केली. गिरणगावात या खाणावळी घरोघरी स्त्रिया चालवीत. महिन्याचा दर ठरलेला, पैसे पगार झाल्यावर. किराणा उधारीवर घ्यायचा आणि सावकाराचे व्याज भरायचे, अशी त्यांची ओढाताण असे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या खाणावळवाल्या बायकांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांच्या दारापर्यंत नेले. तारणाला देण्यासारखे हाताच्या चवीखेरीज फारसे काही नसलेल्या या स्त्रियांनी ते कर्ज फेडून दाखवले, ही भारतीय बँकव्यवसायाच्या इतिहासातली अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. माटुंग्यात ए. रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचे, आणि काळबादेवीत ठाकर भोजनालय १९४५ पासूनचे. काळबादेवी म्हणजे कापडबाजाराची भूमी. घर सोडून आलेल्या गुजराती-मारवाडी माणसाला तेथे घरच्या चवीचे ताट मिळे. शासनानेही हाच मार्ग दोनदा अवलंबिला : १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी, जिच्यात दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात असे मोजून दिले जाते.

या साऱ्या व्यवस्थेचा आधार सरासरी हा आहे. थाळीगृहाचा मालक एकेका माणसाची भूक मोजत नाही. शंभर माणसे मिळून किती खातात ते त्याला अनुभवाने ठाऊक असते, आणि दर त्यावर बसतो. कमी खाणारा जास्त खाणाऱ्याचा भार उचलतो. विम्याचे काम याच रीतीने चालते. ज्याच्या दुकानाला आग लागली नाही त्याच्या हप्त्यातून ज्याला लागली त्याची भरपाई होते, आणि आपल्या दुकानाला आग लागली नाही म्हणून कोणी हप्त्याचे दुःख करीत नाही. एका कुटुंबाच्या टेबलावरही हीच सरासरी लागू आहे. सोळा वर्षांचा दादा अकरा पुऱ्या आणि तीन वाट्या बासुंदी संपवतो, धाकटी बहीण दोन पुऱ्यांवर थांबते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलाची रोजची ऊर्जेची गरज सुमारे ३,३२० कॅलरी, तर १३ ते १५ वर्षांच्या मुलीची सुमारे २,४०० कॅलरी असते. खाते एकत्र कुटुंबाचे असताना खतावणी मात्र प्रत्येक खुर्चीची वेगळी करायची, हा हिशेब चुकीच्या पानावर मांडलेला आहे. आणखी एक विसंगती आहे. हेच वडील मुलीच्या लग्नात केटररला सहाशे ताटांचे पैसे ताटागणिक देतील, आणि कोणत्या पाहुण्याने किती खाल्ले याकडे वळूनही पाहणार नाहीत.

पैशाचा प्रश्न असा सुटतो. पण मूल खात का नाही, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर ‘लाड’ या एका शब्दात देण्याची घाई सर्वत्र दिसते. नव्या अन्नाची भीती ही बालपणातली स्वाभाविक अवस्था आहे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात ती तीव्र असते आणि पुढे ओसरते. काहींची ओसरत नाही. अशा मुलांची अडचण पुष्कळदा चवीपेक्षा स्पर्शाची आणि वासाची असते : भेंडीचा बुळबुळीतपणा, वांग्याच्या बिया, उसळीतल्या सालींचा जिभेला होणारा त्रास, किंवा एका वाटीचा रस दुसऱ्या पदार्थाला लागणे. जिभाही सर्वांच्या सारख्या नसतात. १९३१ मध्ये अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या हातून एक भुकटी प्रयोगशाळेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती अत्यंत कडू लागली आणि फॉक्स यांना तिची चवही कळली नाही. ही कडवटपणाची जाणीव आनुवंशिक असते असे पुढे सिद्ध झाले. कोबी, फ्लॉवर, मोहरी या वर्गातल्या भाज्यांत तशाच जातीची कडू द्रव्ये असतात. आईला गोड लागणारा फ्लॉवर लेकीला खरोखरच कडू लागत असेल, तर ती नाटक करीत नाही.

आणि घाट. शिरवळला न जेवणारी काही मुले घरी नीट जेवतात. त्यांना पुढची वळणे दिसत असतात. गाडी लागण्याच्या भयाने मळमळणाऱ्या मुलापुढे तुपाने निथळणारी पुरणपोळी ठेवली, तर ती पाहूनच पोट फिरणार. ही मुले बोलत नाहीत, कारण चौदाव्या वर्षी ‘मला गाडी लागते’ म्हणण्याची लाज वाटते.

जैन घरांत एक जास्तीची अडचण आहे. इतर कुटुंबे निवडक खाणाऱ्या मुलाचा प्रश्न बटाट्याने सोडवतात. बटाट्याची भाजी, बटाटेवडा, फ्रेंच फ्राय. बटाटा आला की मूल गप्प. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या घरात हा दरवाजा बंद असतो. थाळीतल्या तीन भाज्यांपैकी एकीत बटाटा, दुसरीत कांदा-लसूण, आणि जैन म्हणून वेगळी केलेली तिसरी बहुधा कोबीची किंवा दुधीची, म्हणजे नेमकी मुलाला नको असलेली. जेथे कच्च्या केळ्याची भाजी मिळते तेथे वेळ निभावते. ‘जैन थाळी मिळेल’ या पाटीवर विसंबू नये. फोन करून विचारावे. कढीत लसणाची फोडणी आहे का, वरणाला वेगळे भांडे आहे का, आणि द्विदळ पाळणाऱ्या घरांनी फरसाणात दहीवडा आहे का, हे तीन प्रश्न पुरतात. संध्याकाळच्या जेवणाचा बेत चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांनी करूच नये. थंडीत या भागात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि थाळीगृहांच्या चुली सातनंतर पेटतात. त्यांच्यासाठी शिरवळची थाळी म्हणजे दुपारचीच थाळी.

याच टेबलावर आणखी एक माणूस कमी पदार्थ घेत असतो, आणि त्याला कोणी काही बोलत नाही. आजोबांची आज सात द्रव्यांची मर्यादा आहे. त्यांनी फुलका, मूगडाळ, भात, तूप, भाजी, ताक आणि पाणी एवढेच घेतले आहे. मिष्टान्नाच्या वाटीवर त्यांनीही हात आडवा धरला आहे. आजींची आठम आहे, म्हणून हिरवी भाजी नाही. दोघांच्याही थाळीचे पूर्ण पैसे द्यायचे आहेत. ‘पैसे वसूल करा’ असे त्यांना म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. वाढपी नम्रपणे मान लववून पुढे जातो. नातीने चारच पदार्थ घेतले की मात्र टेबलावर सभा भरते.

दोन्ही नकार सारखे नाहीत, हे उघड आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सांगितलेल्या सहा बाह्य तपांपैकी पहिली चार अन्नाशी संबंधित आहेत : अनशन, ऊनोदरी, वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग. भुकेपेक्षा कमी खाणे, पदार्थांची संख्या बांधून घेणे, आवडता रस सोडणे, हे जाणीवपूर्वक केलेले नियम आहेत. आजोबा जे आवडते ते सोडतात. नात जे आवडत नाही ते सोडते. तिच्या नकारात तप नाही आणि तसे भासवूही नये. पण मान हा तपालाच मिळतो आणि जिभेच्या अडचणीला उपहास, हा भेद कुटुंबाने केलेला आहे. तो शास्त्राने सांगितलेला नाही. आजोबांच्या ‘नको’ला जी शांतता लाभते ती नातीच्या ‘नको’लाही लाभली, तर जेवणाचे निम्मे ओझे उतरते. आणि ‘अनलिमिटेड’ या शब्दाला ज्या परंपरेत ऊनोदरीसारखा शब्द उत्तर म्हणून तयार आहे, तिने ‘वसूल’ हा शब्द ताटापाशी आणावा, हे थोडे विचित्रच.

आग्रहाने उपयोग होत नाही, एवढेच नव्हे तर उलटा परिणाम होतो. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाळापूर्व वयाच्या मुलांना सूप दिले गेले. काहींना ‘सूप संपव’ असे वारंवार सांगितले गेले, काहींना काहीच सांगितले नाही. ज्यांना सांगितले नाही ती मुले अधिक सूप प्यायली, आणि ज्यांना सांगितले त्यांनी सुपाविषयी तक्रारीही अधिक केल्या. ती मुले लहान होती. चौदा वर्षांच्या मुलावर चारचौघांत केलेला आग्रह किती बोचेल याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या त्या वयावरून करावा. नवा पदार्थ आवडण्यास तो पुष्कळदा, कधी आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, थोडाथोडा जिभेवर यावा लागतो, असे या विषयातील संशोधन सांगते. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पालक व मूल यांच्यात कामाची सरळ वाटणी केली आहे : काय, केव्हा आणि कुठे वाढायचे ते पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, ते मुलाने. व्यापारी भाषेत सांगायचे तर भागीदारीचा करारनामा स्पष्ट असावा आणि एका भागीदाराने दुसऱ्याच्या खात्यात हात घालू नये.

या दृष्टीने पाहिले तर निवडक खाणाऱ्या मुलासाठी ठरलेल्या दराची थाळी ही वाईट जागा नाही. उलट वेगवेगळे पदार्थ मागवण्याच्या हॉटेलपेक्षा ती अधिक चांगली आहे. मेन्यूकार्ड हाती आले की असे मूल वर्षभर पनीर बटर मसाला आणि चीज पिझ्झा यांच्यातच फिरते. नवा पदार्थ मागवण्यात जोखीम असते : अडीचशे रुपयांची भाजी आली आणि आवडली नाही, तर पुन्हा तोच ‘वाया’ शब्द. थाळीत चाखण्याची किंमत शून्य आहे. दाण्याएवढी खांडवी, चमचाभर उंधियू, बोटभर आमटी घेता येते. नाही आवडली तर त्यापुढे काही घडत नाही. दर आधीच दिलेला आहे, ही ज्या गोष्टीची तक्रार होती, तीच येथे सोय ठरते.

अट एकच, आणि ती कडक आहे : ताटात पडलेले टाकायचे नाही. अनेक थाळीगृहांत ‘उष्टे टाकू नये’ अशी पाटी असते, काही ठिकाणी दंडही असतो. जैन घरांत ही शिकवण पाटीपेक्षा जुनी आहे. जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिणारी आजी अजून पुष्कळ घरांत आहे. म्हणून ‘नको’ हे वाढण्यापूर्वी म्हणता आले पाहिजे, आणि ही कला शिकवावी लागते. वाढपी वेगाने येतो. विचारण्याआधी वाटी भरतो, कारण त्याच्यामागे चार बादल्या रांगेत असतात. मुलाला बसतानाच सांगावे की नको असलेल्या वाट्या ताटातून काढून बाजूला ठेवाव्यात. रिकामी वाटी समोर असली की ती भरणारच. वाटीच नसली तर प्रश्न मिटतो. ‘दादा, पाव वाटीच’, ‘आधी चमचाभर’, ‘पुरी एकच’ हे शब्द मुलाने स्वतः बोलावेत, आईने त्याच्या वतीने बोलू नयेत. पहिली फेरी सुरू होण्याआधी वडिलांनी मुख्य वाढप्याला बाजूला घेऊन दोन वाक्ये सांगितली तर फारच चांगले : ‘मुलगी थोडे निवडून खाते. तिने मागितले तेवढेच वाढा, आग्रह करू नका.’ थाळीगृहातला आग्रह हा दुष्टपणा नसतो, तो पाहुणचार असतो. पण तो कोठे थांबवायचा हे सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसे?

नातेवाईक हे वाढप्याहून कठीण प्रकरण. काकू, मावशी, आत्या यांना गाडीतच सांगून ठेवावे, मुलाच्या अपरोक्ष. टेबलावर मुलाच्या खाण्याविषयी बोलायचेच नाही, चांगलेही नाही. ‘अरे वा, आज कढी घेतलीस!’ हे कौतुकही त्याला चव्हाट्यावर आणते. कढी घेतली तर घेतली. जेवणाच्या गप्पा हळदीच्या भावाच्या, लग्नाच्या मुहूर्ताच्या, दुकानाच्या असाव्यात.

बसण्याची जागाही विचाराने निवडावी. स्वयंपाकघराच्या दाराशी, जेथे फोडणीचा धूर येतो, तेथे अशा मुलाला बसवू नये. खिडकीजवळची किंवा टोकाची खुर्ची बरी. मध्यभागी बसवले की दोन्ही बाजूंनी वाढप चालते. घाटाचे भय असेल तर जेवणानंतर वीस मिनिटे थांबून मग निघावे, आणि पुढची जागा आजोबांकडून मागून मुलाला द्यावी. यात कोणाचा अवमान नाही.

बिलाकडे मात्र पाहावे. ठरलेल्या दरात काय येते आणि काय नाही, हे आधी विचारणे हा व्यापारी माणसाचा धर्म आहे. बाटलीबंद पाणी, दुसरे मिष्टान्न, कधी ताकही वेगळे लावले जाते. बहुतेक उपाहारगृहांवर जीएसटी पाच टक्के आहे. सेवाशुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ते कोणी लावले असेल तर सभ्यपणे काढावयास सांगावे. असे पाच-पन्नास रुपये तेथे वाचवावेत. मुलाच्या ताटात ते शोधू नयेत.

एवढे सारे सांगूनही काही मुलांच्या बाबतीत सबुरी पुरेशी नसते, आणि हे ओळखणे महत्त्वाचे आहे. वजन घटत असेल, वाढ थांबली असेल, खाण्याचे पदार्थ वर्षागणिक कमी होत पाच-सहावर आले असतील, किंवा मूल खाण्याच्या भीतीने मित्रांच्या घरी, सहलीला, लग्नाला जाणे टाळू लागले असेल, तर तो स्वभाव राहत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानसूचीत अन्न टाळण्याच्या अशा अवस्थेला स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिले. त्यात बारीक होण्याची इच्छा नसते, अन्नाचीच धास्ती असते. बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या मदतीने त्यावर उपचार होतात. याहून सामान्य आणि तरीही दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि त्याच वयाच्या मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयी आढळल्या. पुरी, भात, दही आणि पनीर यांवर राहणाऱ्या शाकाहारी मुलीला लोह पुरेसे मिळण्याचा संभव कमीच. तिचे हिमोग्लोबिन आणि ब-१२ जीवनसत्त्व वर्षातून एकदा तपासून घ्यावे. ती तपासणी दोन थाळ्यांहून फार महाग पडत नाही. अहवालात कमतरता दिसली तर डॉक्टर औषध देतील. ‘बघ, मी म्हणत होते ना’ हे वाक्य त्या अहवालासोबत घरी आणू नये.

प्रवासात एक डबा जवळ ठेवण्याची जैन घरांची सवय जुनी आहे : खाकरा, मेथीची पुरी, सुकी भेळ, बेसनाचे लाडू. हा डबा थाळीगृहात उघडू नये, ते त्या घराच्या नियमाला धरून नाही. तो मुलाच्या हाताशी, गाडीत मागच्या आसनावर असावा, आणि तो आहे हे त्याला शिरवळ येण्यापूर्वीच माहीत असावे. दोन पुऱ्या खाऊन उठलेल्या मुलाला घाट चढून गेल्यावर, वेळ्याच्या किंवा भुईंजच्या आसपास, खरी भूक लागते. तेव्हा डबा मागे सरकवावा आणि पुढे रस्त्याकडे पाहत राहावे.